रँग्लरांच्या गावी एक दिवस

आमच्या गावच्या शाळेत कुणी एखादे गणित चटकन सोडवले, की गुरुजी म्हणायचे, "आला मोठा रँग्लर!" रँग्लर म्हणजे कोण, हे आम्हां मुलांना ठाऊक नव्हते. पुढे कळले, की हा शब्द केंब्रिजचा. रँग्लर परांजपे यांच्यामुळे तो आपल्या घरोघरी पोचला. मी स्वतः कॉलेजात गणित शिकवतो, तरी ते गाव पाहण्याचा योग बरीच वर्षे आला नव्हता. मागे एकदा ऑक्टोबर महिन्यात लंडनला भाच्याकडे जाणे झाले. तो म्हणाला, "मामा, सकाळच्या गाडीनं जा, रात्री जेवायला घरी या. एका दिवसात होतं. फक्त तिथं कुणाला 'विद्यापीठ कुठं आहे?' असं विचारू नका. लोक हसतील." असे का, ते तिथे गेल्यावर उमगले.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातून गाडी निघाली. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, आणि जलद गाडी ते तासाभराच्या आतच तोडते. शहर मागे पडले, की दोन्ही बाजूंना शेते लागतात. तिकडे गव्हाची आणि बार्लीची काढणी ऑगस्टच्या सुमारास होते आणि ऑक्टोबरात हिवाळी गहू पेरतात. म्हणजे आपल्याकडे रब्बीची धांदल असते, त्याच दिवसांत त्यांचीही पेरणी. मात्र ते पीक पुढे थंडी काढते आणि हाती येते दुसऱ्या उन्हाळ्यात. झाडांची पाने पिवळी, तांबूस झाली होती, बांधांवर धुके होते. आपल्याकडे शरद म्हटला की निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे. तिकडचा शरद ओलसर, लवकर अंधारणारा.

केंब्रिजचे स्टेशन १८४५ साली सुरू झाले, आणि ते गावापासून चांगले दीड-दोन किलोमीटर लांब आहे. विद्यापीठानेच आगगाडीला गावाबाहेर ठेवले, असे लोक सांगतात. ते कसेही असो, विद्यापीठाला आगगाडीची धास्ती होती एवढे खरे. पोरे गाडीत बसतील आणि लंडनच्या चैनीला लागतील, ही ती धास्ती. म्हणून रेल्वेच्या १८४४ च्या कायद्यातच कलमे घालून घेतली होती. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी स्टेशनात शिरून विद्यार्थ्यांची चौकशी करावी, आणि त्यांनी सांगितल्यास कंपनीने त्या विद्यार्थ्याला गाडीत घेऊ नये! पोरे बिघडतील ही काळजी केवळ आपल्याच वडीलधाऱ्यांची नव्हे, हे पाहून मला मौज वाटली.

चालत गावात शिरलो. अरुंद रस्ते, सायकलींची ही गर्दी, आणि जागोजागी दगडी कमानी. प्रत्येक कमानीआड एक चौक, चौकात हिरवळ, हिरवळीवर पाय न ठेवण्याची सूचना. त्या गवतावरून चालण्याचा मान बहुतेक ठिकाणी तिथल्या फेलो मंडळींचा. पण 'विद्यापीठ' अशी पाटी लावलेली एक इमारत काही दिसेना. कारण विद्यापीठ गावभर पसरलेले आहे. वेगवेगळी एकतीस कॉलेजे आणि त्यांना जोडणारी एक संस्था, असा हा संसार आहे.

आपल्याकडे कॉलेज शिकवते आणि विद्यापीठ परीक्षा घेते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि तीच घडी आपल्या अंगवळणी पडली. केंब्रिजची रीत निराळी. व्याख्याने, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाकडे. राहणे, जेवणे, प्रवेश देणे आणि जवळून शिकवणे कॉलेजाकडे. हे जवळून शिकवणे फार महत्त्वाचे. एक, दोन किंवा तीन विद्यार्थी तासभर शिक्षकासमोर बसतात. आधी सोडवून आणलेली गणिते किंवा लिहून आणलेला निबंध पुढे ठेवतात, आणि त्यावर उलटतपासणी होते. तिथे मागच्या बाकावर लपता येत नाही. शिक्षकालाही नाही!

आणखी एक गंमत. आपल्याकडे 'मॅट्रिक' म्हणजे शाळा संपतानाची परीक्षा. तिथे मॅट्रिक होणे म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव लागणे. तो समारंभ ऑक्टोबरातच असतो. आपल्या परीक्षेचे नावही त्यावरूनच आले, कारण विद्यापीठाचे दार त्या परीक्षेने उघडत असे.

ही वस्ती झाली कशी? तर भांडणातून. १२०९ साली ऑक्सफर्डला गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात वितुष्ट आले. एका स्त्रीचा खून झाला, आणि त्या रागात काही विद्यार्थ्यांना फासावर चढवले. घाबरलेले शिक्षक आणि विद्यार्थी पांगले, त्यांतले काही केंब्रिजला येऊन राहिले. पहिले कॉलेज, पीटरहाउस, १२८४ चे. पण इथेही गावाशी सूत जमले असे नाही. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात लोकांनी विद्यापीठाचे कागदपत्र भर बाजारात जाळले. विद्या आणि गाव यांच्यात भिंत उभी राहिली, की असे होते. शिक्षकांनी ही गोष्ट विसरू नये.

किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर मी पाहिले. पायाभरणी १४४६ ची, बांधकाम पुरे झाले १५१५ साली. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. चोवीस मीटर उंचीवर दगडाचे छत, आणि ते उघडलेल्या पंख्यांसारखे कोरलेले. मधे एकही खांब नाही. त्याचे वर्णन ऐकण्यापेक्षा पाहण्याचे आहे, म्हणून इथेच थांबतो.

शेजारीच सेनेट हाउस आहे. मला मुख्यतः हीच इमारत पाहायची होती. गणिताच्या परीक्षेत, जिला 'ट्रायपॉस' म्हणतात, पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ वाद घालणारा, कारण जुन्या काळी परीक्षा तोंडी वादविवादाने होत असे. सर्वांत वर येणारा तो सीनियर रँग्लर. हा अनुक्रम इथे जाहीर होई आणि वर्तमानपत्रांत झळके. यादीत शेवटी येणाऱ्याला पोरे लाकडी चमचा बहाल करीत! १९०९ नंतर क्रमवार नावे जाहीर करण्याची पद्धत बंद झाली.

१८९९ साली याच ठिकाणी सीनियर रँग्लर म्हणून सेंट जॉन्स कॉलेजच्या एका विद्यार्थ्याचे नाव लागले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, जन्म दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचा. दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर तो मान विभागून मिळाला होता, आणि तो मिळवणारे परांजपे हे पहिले भारतीय. मुर्डी हे कोकणातले लहानसे खेडे. तिथला मुलगा इथवर आला कसा? त्यामागे त्यांच्या नात्यातले थोरले बंधू होते, धोंडो केशव कर्वे. त्यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. परांजपे परत आले ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला, आणि पुढे वर्षानुवर्षे तिथे प्राचार्य होते. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर १९५९ साली इथूनच गणिताचे पदवीधर झाले, आणि त्यांचे वडीलही इथलेच रँग्लर. त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रातले एक नगर म्हणजे हे केंब्रिज. २०२५ साली नारळीकर आपल्यातून गेले.

पण सेनेट हाउसची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९० साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीला सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळाले. तिचे नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असे वाचले गेले, पण पदवी मिळाली नाही. कारण ती स्त्री. १८९७ साली स्त्रियांना पदव्या देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगला, आणि प्रस्ताव पडला. केंब्रिजने स्त्रियांना पदव्या दिल्या त्या १९४८ साली. आणि कर्व्यांनी पुण्यास महिला विद्यापीठ काढले ते १९१६ साली! परांजप्यांना पुढे आणणाऱ्या त्याच माणसाने केंब्रिजच्या बत्तीस वर्षे आधी हे करून दाखवले. सेनेट हाउससमोर उभे राहून मी हे मनात मोजले, तेव्हा मान जरा ताठ झाली.

तिथून क्वीन्स कॉलेजकडे गेलो. तिथे कॅम नदीवर 'गणिती पूल' आहे. सरळ लाकडे अशी जोडली आहेत, की दुरून कमान वाटते. वर्तुळाला स्पर्शरेषा काढत गेले की गोलाई दिसू लागते, तसेच. हा पूल न्यूटनने बिनखिळ्याचा बांधला आणि पोरांनी सोडवल्यावर कुणालाच परत जोडता आला नाही, अशी गोष्ट प्रवाशांना सांगतात. शिक्षकांनी अशी गोष्ट ऐकली की आधी साल विचारावे. न्यूटन वारला १७२७ साली, आणि पूल झाला १७४९ साली. आजचा पूल तर १९०५ साली त्याच नमुन्यावर पुन्हा बांधलेला, आणि तो चक्क सागवानी!

खरा न्यूटन ट्रिनिटी कॉलेजात भेटतो. दरवाजाशेजारी सफरचंदाचे एक लहान झाड आहे. न्यूटनच्या घरच्या झाडापासून कलमाने वाढवलेले, आपल्याकडे हापूसचे कलम करतात तसे, आणि १९५४ साली लावलेले. न्यूटन शेतकऱ्याच्या घरचा. आईने त्याला शाळेतून काढून शेतीवर घातले होते. शाळेचे मास्तर स्टोक्स आणि त्याचा मामा, या दोघांनी आईचे मन वळवले. १६६१ साली तो इथे आला तो इतरांची चाकरी करून शिकणारा विद्यार्थी म्हणून. आपल्याकडे वार लावून जेवत शिकलेली पिढी होती, त्यातलाच हा प्रकार.

याच कॉलेजात रामानुजन होता. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधला कारकून. त्याने १९१३ च्या जानेवारीत हार्डी या प्राध्यापकाला पत्र लिहिले, त्यात सूत्रांची पानेच्या पाने. त्याआधी केंब्रिजच्याच दोन नामवंत गणितज्ञांना त्याने लिहिले होते, त्यातून काही निघाले नाही. हार्डीने पत्र बाजूला टाकले नाही. लिटलवुड या सहकाऱ्याला घेऊन तो ती सूत्रे पडताळत बसला. पुढच्याच वर्षी रामानुजन इथे आला, आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचा आणि ट्रिनिटीचा फेलो झाला. १९२० साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

सहाच्या सुमारास अंधारू लागले. परतीच्या गाडीत बसलो, खिडकीत फक्त स्वतःचा चेहरा दिसत होता. आणि मला माझ्या कॉलेजातला एक मुलगा आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. तो एक वही घेऊन आला होता. "सर, मी माझी एक रीत काढली आहे, बघता का?" मी पेपर तपासण्याच्या घाईत होतो. म्हटले, "ठेव, बघू नंतर." आठवड्याने वही न उघडता परत दिली, "चांगलं आहे" असे म्हणून. पुढल्या वर्षी तो मुलगा कॉलेजात आला नाही. त्या वहीत काही होते की नव्हते, मला आता कधीच कळणार नाही. बहुधा नसेल. पण मी पाहिले नाही, हे मात्र कळते.

श्रोतेहो, दगडी छत आणि आठशे वर्षांची परंपरा आपण आपल्या गावी आणू शकत नाही. पण स्टोक्स मास्तर एका लहान गावच्या शाळेतच होते. कर्व्यांनी मुर्डीचा मुलगा हेरला तो काही श्रीमंतीच्या बळावर नव्हे. हार्डीने केले ते इतकेच, की आलेला कागद वाचला. परत आल्यापासून शनिवारी कॉलेज सुटल्यावर एक तास मी दोन-तीन मुलांना समोर बसवतो. त्यांनी सोडवून आणलेले पाहतो, विचारतो, कधी मीच अडतो. पगार वाढत नाही, पण तास फुकट जात नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, उद्या कुणी पोर वही घेऊन आले, तर ती तिथल्या तिथे उघडा. आणि पालकांनो, मास्तर घरी येऊन "या पोराला शाळेतून काढू नका" असे म्हणाले, तर त्यांचे घडीभर ऐकून घ्या.