आकडी म्हणजे बाधा नव्हे

आमचे थोरले बंधू माथाडी कामगार. एके सकाळी कामावर निघताना उंबऱ्यातच कोसळले. हाक मारली तर ओ देईनात, श्वास नुसता आचके दिल्यासारखा. आम्ही काय केले? तोंडावर पाणी मारले, कांदा हुंगवला, तळपाय चोळले. मोलाची मिनिटे अशी वाया गेली. रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी छाती दाबून, विजेचा धक्का देऊन हृदय पुन्हा चालू केले. दादा वाचले असे आम्हांला वाटले. खरी परीक्षा पुढेच होती.

दुसऱ्या दिवशी, शुद्ध नसतानाच, त्यांच्या चेहऱ्याला व खांद्यांना हिसके बसू लागले. नात्यातल्या एका बाईंनी अंगारा पुढे केला. “बाहेरचं आहे, एकदा दाखवून घ्या.” वहिनींचा जीव कासावीस झालेला, त्या नाही म्हणेनात. तेव्हा आमची आई बोलली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षेच्या वेळी ती लहान मूल होती, वडिलांच्या खांद्यावर बसून गेली होती. ती म्हणाली, “ते सगळं आम्ही तिथंच सोडून आलो. आधी डॉक्टरला नीट विचारा.”

डॉक्टरांनी सांगितले ते असे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू तो सुमारे 20 टक्के वापरतो. त्याच्याकडे साठा नसतो. हृदय थांबले की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. अशा दुखावलेल्या पेशींतून विजेचे संदेश वेडेवाकडे सुटतात. तीच आकडी, तेच हिसके. काही वेळा आकडी बाहेर दिसतही नाही, ती मेंदूच्या आलेखावरच कळते. यात भूत नाही, करणी नाही आणि मागल्या जन्मीचे पापही नाही.

“वाचतील का?” या प्रश्नाला डॉक्टरांनी लगेच उत्तर दिले नाही. लवकर सुरू होणारे हिसके हे काळजीचे लक्षण खरे. पण एकट्या त्यावरून निकाल देत नाहीत. निदान 72 तास जाऊ द्यावे लागतात, झोपेच्या औषधांचा अंमल उतरावा लागतो, मग तपासण्या एकत्र पाहतात. सगळेच रुग्ण शुद्धीवर येतात असेही नाही. हे ऐकणे कठीण होते, पण खोट्या आशेपेक्षा ते बरे.

सहाव्या दिवशी दादांनी डोळे उघडले, आईला ओळखले. घरी आल्यावर मात्र चहाचा कप उचलायला गेले की हात उसळे आणि चहा सांडे. स्वस्थ बसले की हात शांत. लान्स आणि ॲडम्स या डॉक्टरांनी 1963 साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यावर गोळ्या आहेत. हिसके पुरते गेले नाहीत तरी कमी होतात. सकाळचे संध्याकाळी दादांना आठवत नाही, एकच प्रश्न दहादा विचारतात. पहिल्यांदा आम्ही वैतागलो. मग कळले, हा हट्ट नव्हे, इजा आहे.

आम्ही ठेच खाऊन शिकलो ते वाचकांना सांगतो. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट नाही, तर 108 ला फोन करा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबू लागा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, मदत येईपर्यंत थांबू नका. आकडी आली तर रुग्णाला कुशीवर करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, हातात किल्ल्या, नाकाला चप्पल, यांतले काही नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठा. पैसे संपले म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. सरकारी रुग्णालयात विचारा. मेंदूच्या इजेने कायमचे अपंगत्व आले असेल तर 2016 च्या कायद्याखाली दाखल्यासाठी अर्ज करता येतो.

अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने अंघोळ घातली होती. आजाऱ्याची सेवा हाच धम्म. पण ती सगळी एकट्या वहिनींवर टाकू नका. मुलांनी, दिरांनीही पाळी लावून घ्यावी. आणि येत्या भीमजयंतीच्या वर्गणीतून मिरवणुकीचा एक भोंगा कमी करून विहारात छाती दाबण्याचे एक दिवसाचे शिक्षण ठेवा. आमच्या दारात त्या सकाळी ते एकालाही येत नव्हते.

जयभीम!