‘आय ॲम लिव्हिंग इन बेळगाव’

माझ्या भाचीची गेल्या महिन्यात फोनवर मुलाखत झाली. कुठं राहता, या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं, ‘आय ॲम लिव्हिंग इन बेळगाव.’ पलीकडून लगेच विचारणा झाली, मग मूळचं घर कुठं? पोरगी गोंधळली. तिचा जन्मच इथला! पण इंग्रजीत ‘ॲम लिव्हिंग’ म्हटलं की मुक्काम तात्पुरता वाटतो. कायमचं राहणं असेल तर साधं ‘आय लिव्ह’.

ही चूक आपल्या घराघरांत होते आणि त्यात मुलांचा दोष थोडा. मराठीत ‘मला समजतंय’, ‘मला हवंय’ सहज चालतं. तेच उचलून मुलं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम वॉन्टिंग’ म्हणतात. इंग्रजीत समजणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं ही चालू कामं धरत नाहीत. तिथं ‘आय अंडरस्टँड’, ‘आय नो’ एवढंच. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ तर अगदी टाळावं. ‘हॅविंग’ जेवणाला चालतं, भावांना नाही!

दुसरी अडचण ‘एस’ची. खरं तर इथं इंग्रजी सोपी. आपण तो जातो, ती जाते म्हणतो. कन्नडमध्येही अवनु होगुत्ताने, अवळु होगुत्ताळे. इंग्रजीला स्त्री-पुरुषाशी देणंघेणं नाही, ‘ही’ असो की ‘शी’, ‘गोज’च. दोन्ही भाषांतली रूपं न चुकणारी मुलं हा एक ‘एस’ मात्र विसरतात. आणि आठवला की दोनदा लावतात, ‘शी डझन्ट गोज’. ‘डझ’मध्ये तो आधीच येऊन बसलेला असतो, म्हणून पुढं नुसतं ‘गो’.

‘दहा वर्षं इथं राहतो’ हे वाक्य सगळ्यांत फसवं. कन्नडमध्येही ‘हत्तु वर्षदिंद इल्लि इद्दीनि’, म्हणजे वर्तमानकाळच. इंग्रजीला तो पुरत नाही. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ असं लांबलचक म्हणावं लागतं, आणि ‘सिन्स’ नव्हे, ‘फॉर’. ‘सिन्स’ला सुरुवातीचं साल लागतं, सिन्स 2015.

उद्याच्या बेताला मात्र ‘आयएनजी’च हवं. ‘उद्या हुबळीला जातो’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग टू हुबळी टुमॉरो’. गाडीच्या वेळापत्रकाला पुन्हा साधं रूप, ‘द बस लीव्हज ॲट सिक्स’. हे घोकून येत नाही. जुन्या पिढीनं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली, तरी बोलायला तोंड उघडताना घाम फुटायचाच. घरात रोज दोन-चार वाक्यं बोलून घ्यावीत, हसू मात्र नये.

भाचीला हे सगळं समजावून दिलं. दुसरी मुलाखत याच आठवड्यात आहे. निघताना ती दारातून म्हणाली, ‘मावशी, येते हं.’ आतून माझ्या सासूबाईंनी नेहमीप्रमाणे ‘होगि बा’ म्हटलं. ती थबकली आणि विचारू लागली, ‘हे इंग्रजीत कसं म्हणायचं गं?’

मला अजून सुचलेलं नाही.