नैसर्गिक, महाग, रिसायकल्ड : कपड्यांबद्दलचे पाच गैरसमज

कपडे घेताना आपण कापड बोटांत चोळून पाहतो, रंग जाईल का विचारतो, भावात घासाघीस करतो. कापसावर फवारणी कोणी केली, रंगाचं पाणी कुठे सोडलं, शिवणाऱ्या बाईच्या हातात काय पडलं, हे मात्र विचारायचं राहून जातं. अलीकडे ‘पर्यावरणपूरक’ कपड्यांची चर्चा वाढली आहे, हे चांगलंच आहे. पण तिच्यासोबत काही अर्धवट समजुतीही रुजल्या आहेत.

गैरसमज 1 : सुती कापड नैसर्गिक, म्हणजे निर्धोक.

वस्तुस्थिती : कापूस निसर्गाचा असला, तरी तो पिकवताना विषारी औषधं वापरली जातात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल. नोझल वर धरून फवारायचं, आणि औषधाचे तुषार स्वतःच्याच चेहऱ्यावर, छातीवर घ्यायचे. म्हणून सुती सोडून पॉलिएस्टर घ्यावं, असंही नाही. ते खनिज तेलापासून बनतं, लवकर कुजत नाही आणि प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सांडपाण्यात जातात.

गैरसमज 2 : एका सुती टी-शर्टला 2,700 लिटर पाणी लागतं, म्हणून कापूसच नको.

वस्तुस्थिती : हा आकडा जगाची सरासरी आहे. पिकावर पडलेला पाऊस त्यात धरला आहे आणि दूषित पाणी सौम्य करायला जेवढं पाणी लागेल, त्याचा हिशेबही आहे. मध्य आशियात 1960 पासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी मोठ्या प्रमाणावर कपाशीच्या सिंचनाकडे वळवलं गेलं आणि अरल समुद्र आटत गेला. विदर्भातली बहुतांश कपाशी मात्र कोरडवाहू, पावसाच्या भरवशावरची. दोन्हीकडचा कापूस एकाच मापाने मोजला, तर ज्या शेतकऱ्याने धरणाचं पाणी घेतलंच नाही, त्याच्यावर अन्याय होतो.

गैरसमज 3 : रंगाई म्हटली की नदी बिघडणारच, त्याला इलाज नाही.

वस्तुस्थिती : इलाज आहे, पण तो फुकट नाही. सुती कापडाला पक्का रंग बसावा म्हणून भरपूर मीठ वापरतात. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये हे खारं, रंगीत पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत जात राहिलं. खालच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि विहिरी खराब झाल्या, ओरतुपाळयम धरणाचं पाणी शेतीच्या कामाचं उरलं नाही. ते शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो रंगाई कारखाने बंद करायला लावले. ज्यांनी सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची यंत्रणा उभारली, ते पुन्हा सुरू झाले. तिथे पाणी शुद्ध करून परत वापरतात, मीठही वेगळं काढतात. यासाठी वीज लागते, खर्च येतो, गाळ उरतो. इचलकरंजीच्या प्रोसेस कारखान्यांचं पाणी पंचगंगेत जाताना पाहिलेल्यांना हा खर्च का करायला हवा, हे वेगळं सांगायला नको.

गैरसमज 4 : महाग ब्रँड घेतला की कामगारांना न्याय मिळतो.

वस्तुस्थिती : 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावार इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि 1,134 जणांचा जीव गेला. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. इमारतीतल्या बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. स्वस्त कपड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रायमार्कचा माल तिथे शिवला जात होता, तसा चढ्या भावाच्या बेनेटनचाही. किमतीच्या चिठ्ठीवरून इमारतीची मजबुती कळत नाही आणि मजुरीही कळत नाही.

गैरसमज 5 : जुने कपडे दिले की त्यांचे नवे कपडे होतात.

वस्तुस्थिती : एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालानुसार, कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी 1 टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. ‘रिसायकल्ड पॉलिएस्टर’ही बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून बनतं. पानिपतमध्ये परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे रंगानुसार वेगळे करतात. विळीसारख्या उभ्या पात्यावर बायका त्यांची बटणं, चेन, अस्तर कापून काढतात. मग यंत्रात पिंजून त्यांचं सूत काढतात. रंग आधीच जुळवलेले असल्याने नव्याने रंगवावं लागत नाही. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून त्यांच्या मुख्यतः चादरी-ब्लँकेटं बनतात. सुती आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेलं असेल, तर ते वेगळं करणं आणखी अवघड. त्यापेक्षा बोहारणीकडे गेलेला सदरा दुरुस्त होऊन दुसऱ्याच्या अंगावर चढतो, तेव्हा त्याचा अधिक चांगला उपयोग होतो.

मग आपण काय करायचं? आहे तो कपडा जास्त दिवस वापरणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. उसवलं तर शिवावं, घट्ट झालं तर सैल करून घ्यावं, नवीन घेताना कुठे आणि कसं बनलं ते विचारावं. पण सगळा भार गिऱ्हाइकावर टाकून भागणार नाही. तिरुप्पूरला पाणी शुद्ध होऊ लागलं ते कोर्टाच्या आदेशामुळे. बांगलादेशातल्या कारखान्यांच्या तपासण्या सुरू झाल्या त्या ब्रँड आणि कामगार संघटनांनी केलेल्या, कायद्याने बांधून घेणाऱ्या करारामुळे. चांगुलपणावर सोडलेलं काम वर्षानुवर्षं रखडलं आणि सक्ती आली तेव्हाच हललं. म्हणून फवारणाऱ्याच्या सुरक्षेसाठी, नदीसाठी आणि रास्त मजुरीसाठी कडक नियम मागणं आणि ते पाळले जातात का यावर लक्ष ठेवणं, हे कपडे वापरणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे.