बिडाचं इंजिन

भंगाराच्या दुकानात दोन ढीग असतात. एक साध्या लोखंडाचा, दुसरा बिडाचा. भाव वेगळे, म्हणून वस्तू काट्यावर चढायच्या आधी दुकानदार तिच्यावर हातोडीचा एक घाव घालतो. लोखंड खणखणतं. बीड ‘ठक्क’ करतं, आणि घाव जोराचा बसला तर टवका उडून आतला करडा दाणा दिसतो. बाहेरगावच्या माणसाचा इथं गोंधळ होतो. जिल्ह्याचं असेल तर ‘बीडचं’, धातूचं असेल तर ‘बिडाचं’. सगळा फरक एका वेलांटीचा आणि एका कान्याचा.

बीडमधल्या अशा ढिगांत मी जे पाहिलं त्यात तवे थोडे आणि शेतावरची ऑइल इंजिनं फार. आमच्याकडे त्याला ‘इंजान’ म्हणतात. कुणाच्या विहिरीवरचं, कुणाच्या पिठाच्या गिरणीतलं. त्यांचा माग काढत मी केज तालुक्यात एका फाट्यावरच्या मिस्त्रींकडे पोचलो. लेथ, गॅस वेल्डिंगची टाकी, कडुनिंबाखाली बाज आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच इंजिनं. विकायची नाहीत. “मग ठेवली कशाला?” या प्रश्नावर मिस्त्री नुसते हसले.

या इंजिनांची वंशावळ बरीचशी आपल्याच मुलखातली आहे. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला तेव्हा त्यांचा माल होता लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात निघाली १९४६ साली. त्याआधीच, १९३० च्या दशकात, साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात डिझेल इंजिन तयार झालं होतं. हे धनजीशा कूपर म्हणजे १९३७ साली मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झालेलेच. त्यांचं मंत्रिमंडळ साडेतीन महिने टिकलं. इंजिनं त्यामानाने बरीच टिकली.

तिसरी शाखा विलायती. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास एक उभं, एका सिलिंडरचं इंजिन काढलं. पाच अश्वशक्ती, मिनिटाला फक्त ६०० फेरे, दोन्ही बाजूंना मोठाली जड चाकं. कंपनीने ते १९८७ पर्यंत बनवलं. गुजरातेत राजकोटला त्याच्या नकला पुढेही निघत राहिल्या. गिरणीत मिळायचं ते बहुधा हे संथ इंजिन. विहिरीवर असायचं किर्लोस्करचं एव्ही-वन: तीही पाच अश्वशक्ती, पण ८० मिलिमीटरचा पिस्टन आणि मिनिटाला १५०० फेरे. चण लहान, आवाज मोठा.

बीडला हे यंत्र का रुजलं याचं उत्तर विहिरीत आहे. मोटेला दोन बैल, एक माणूस आणि अख्खा दिवस लागायचा. इंजिनाला ताशी लिटरभर डिझेल. पण पंप पाणी वर ढकलू शकतो, खालून ओढायला मात्र त्याला हवेच्या दाबाचीच मदत असते. समुद्रसपाटीला हा दाब फार तर दहा मीटर पाणी उचलतो. प्रत्यक्षात सहा-सात मीटरवर गाडी अडते. आमच्या विहिरी पन्नास-साठ फूट. म्हणून इंजिन वर काठावर ठेवून भागत नसे. विहिरीच्या आत, खडकात कोरलेल्या ओट्यावर ते उतरवावं लागे. पाणी खाली गेलं की खाली दुसरा ओटा, उन्हाळ्यात तिसरा. आमच्या विहिरीत असे तीन ओटे आजही दिसतात. सर्वांत खालचा बहात्तरच्या दुष्काळातला, असं घरचे सांगतात.

तीन मणांचं बीड दोरखंडाने खाली सोडणं हा गावचा कार्यक्रम असे. त्यात एक जीवघेणी गोष्ट होती. धुराचा पाइप वर काढलेला नसला की चालू इंजिनाचा विषारी वायू विहिरीत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिन का बंद पडलं म्हणून बघायला उतरलेला माणूस खालीच राहायचा. आजोबा म्हणूनच आधी कंदील सोडायचे. आता कळतं की तो अर्धाच उपाय होता. कंदील विझला तर प्राणवायू नाही एवढं समजतं, पण कार्बन मोनॉक्साइडमध्ये कंदील खुशाल जळत राहतो.

दुरुस्तीचं कसब इथंच का वाढलं, तर अंतरामुळे. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली २०२५ च्या सप्टेंबरात. तोवर सुटा भाग पुण्याहून किंवा सोलापूरहून एसटीच्या पार्सलात यायचा, आणि पीक तर तीन दिवस थांबत नाही. त्यामुळे जो भाग मिळत नाही तो लेथवर करायचा, आणि करता येत नाही तो जोडायचा.

बिडाचा जोड म्हणजे परीक्षाच. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, तापलेलं असताना त्याभोवतीच्या जाकिटातलं पाणी संपलं आणि घाबरून कुणी थंड पाण्याची बादली ओतली की हेडला चीर जाते. बिडाला लवचिकपणा नाही. सरळ वेल्डिंग केलं तर जोडाच्या शेजारी दुसरी चीर. मिस्त्रींनी माझ्यासमोर असं एक हेड घेतलं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे सरकत नाही. चीर घासून तिची खाच केली. मग हेड गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवून चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर गॅसच्या ज्योतीने पितळेची कांडी त्या खाचेत वितळवली आणि हेड तसंच उचलून राखेच्या ढिगात पुरलं. “उद्या सकाळपोत्तर हात लावायचा न्हाई. त्याला झोपू द्या.” थंड व्हायची घाई केली की सगळी मेहनत वाया.

दुसरी गोष्ट शिशाच्या तारेची. हेड बसवल्यावर पिस्टन वर आला की दोघांत किती फट उरते, यावर दाब ठरतो आणि दाबावर सगळं इंजिन, कारण इथे ठिणगीचा प्लगच नसतो. हवा दाबून इतकी तापवायची की आत उडालेलं डिझेल आपोआप पेटावं. मिस्त्री पिस्टनच्या डोक्यावर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवतात, हेड आवळतात, चाक हाताने एकदा फिरवतात, हेड पुन्हा काढतात. चपटी झालेली तार मायक्रोमीटरमध्ये. जास्त जाड निघाली तर गॅसकेट बदलायचं. चार-पाच वेळा हा उद्योग चालतो, कंटाळा न करता.

बदल करण्यात तर लोकांनी हद्द केली. कारखान्याने दिलेली पाण्याची टाकी फेकून पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी जाकिटात नेली. इंजिन स्वतःचं गार पाणी स्वतःच ओढू लागलं. परत येणारं कोमट पाणी आंघोळीला. गिरणीवाल्याने धुराड्याच्या तोंडावर अशी टोपी बसवली की दर दोन फेऱ्यांना एकदा ‘कुक्क’ वाजावं. आवाज आला की बाया दळणाचे डबे घेऊन निघत. डिझेलवर सुरू करून घासलेटवर चालवणारे होते. जुन्या बैलगाडीच्या आखावर चढवलेलं इंजिन खरिपात मळणी यंत्राला, दिवाळीनंतर कडबाकुट्टीला, उन्हाळ्यात स्लॅबच्या मिक्सरला जुंपलं जाई. बैलासारखं भाड्याने जाई, म्हणून ‘जुंपणं’ हा शब्द मुद्दाम वापरतो.

मग वीज आली. परळीचं औष्णिक केंद्र १९७१ पासूनचं, पण वाड्या-वस्त्यांवर मोटारी हळूहळू पोचल्या. बोअर दोनशे-तीनशे फुटांवर गेल्यावर वर बसलेल्या इंजिनाचा उपयोगच उरला नाही. तिथे पाण्यात बुडणारी मोटारच लागते. भारनियमनाच्या वर्षांत अडगळीतली इंजिनं काही काळ पुन्हा बाहेर निघाली. २०१३ च्या दुष्काळात तर परळीचं वीज केंद्रच पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. आता सौरपंप.

मिस्त्रींच्या बाकावर सध्या वेगळाच माल असतो. झाडं कापायचे चेन सॉ, गवत कापायचे ब्रश कटर, पाठीवरचे फवारणी पंप. टू-स्ट्रोक, चेन सॉचे तर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला कुणीतरी विसरतं आणि पिस्टनला ओरखडे पडतात. दुरुस्तीचा खर्च सांगितला की गिऱ्हाईक नवं घेतं. जुनं तिथेच राहतं. तशा मेलेल्या चेन सॉंचं एक पोतं कोपऱ्यात आहे, एकातलं काढून दुसऱ्यात घालायला.

गंमत अशी की याच संथ इंजिनांवर जीव टाकणारी माणसं परदेशात आहेत. इंग्लंडमध्ये जुन्या स्थिर इंजिनांचे मेळे भरतात. म्हातारे लोक घडीच्या खुर्च्या टाकून आपापलं इंजिन दिवसभर भकभक चालवत बसतात. काम काहीच नाही. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी राजकोटच्या नकला मागवल्या, नव्या कोऱ्या खोलल्या, आतली ओतकामाची रेती धुऊन काढली आणि पुन्हा जोडल्या. पुढे तिथल्या धुराच्या नियमांनी ही आयात अवघड केली. पुण्यात जुन्या सायकलींना विक्रम पेंडसे यांचं संग्रहालय लाभलं. आमच्या इंजिनाचा क्रँक मात्र लोखंडाच्या ढिगात जातो, बाकीचं बिडाच्या. जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्या काही लांब नाहीत.

मिस्त्रींच्या पाच इंजिनांत हँडल एकालाच होतं. कारण साधं आहे. हँडल म्हणजे किल्ली. रात्री शेतावरून परतताना ते काढून घरी आणायचं. इंजिन भंगारात गेलं तरी हँडल माळवदाखाली खुंटीला राहिलं. आमच्याही घरी होतं, आई त्याने चिंच कुटायची. दुसऱ्या खेपेला मी ते घेऊन गेलो.

मिस्त्रींनी ते कपड्याने पुसलं, दांड्याची खाच पाहिली आणि चौथ्या क्रमांकाच्या इंजिनाला लावलं. बसलं. डिझेलच्या नळीचा नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, नट आवळला. मग माझा हात धरून अंगठा हँडलच्या वरून काढून बोटांच्याच बाजूला ठेवला.

“उलटं फिरलं तर अंगठा जातो, भाऊ. आता दाब सोडायचा लिव्हर वर. फिरवा.”

फिरवलं. नोझलमधून ‘कट्ट’ असा कोरडा आवाज आला. पुन्हा ‘कट्ट’.

“बोलतंय,” मिस्त्री म्हणाले, “थांबू नका,” आणि त्यांनी लिव्हर खाली पाडला.