हरभऱ्याची मुळे कोणाशी बोलतात?

गेल्या रब्बीत आमच्या दादांना दुकानात हरभऱ्याचे जिवाणू-खत मिळाले नाही. दुकानदाराने सोयाबीनचे पाकीट पुढे केले. कॉलेजात जाणारा पोरगा म्हणून दादांनी मला फोनवर विचारले, "चालतंय का रे?" इतिहास-मराठी घेतलेल्या मी बेधडक सांगितले, "दोन्हीला शेंगाच येतात, चालतंय की!" दादांनी ते गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळले. मनात शंका राहिली म्हणून ग्रंथालय गाठले, आणि आपण काय सांगून बसलो ते कळले.

शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला देतात, हे १८८८ पर्यंत युरोपात सिद्ध झाले होते. परंतु मातीतल्या असंख्य जिवाणूंतून नेमका आपला सोबती झाड ओळखते कसे?

त्याचे उत्तर जिवाणूंच्या जनुकांत आहे. गाठी घडविणारी ही जनुके एरवी निद्रिस्त असतात. मुळांतून फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये मातीत झिरपतात. जिवाणूतील 'नॉड-डी' हे प्रथिन त्या द्रव्याची चाहूल घेते आणि निजलेली जनुके जागी करते. लसूणघासाच्या बाबतीत हे द्रव्य ल्युटिओलिन होय, असे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दाखविले. सोयाबीनची हाक निराळी. तिच्यात जेनिस्टीन असते. जणू प्रत्येक घराची कडी वाजविण्याची रीत वेगळी!

जागा झालेला जिवाणूही उलट निरोप धाडतो. साखरेच्या चार-पाच कड्यांची साखळी आणि तिला स्निग्धाम्लाची शेपटी, असा तो रेणू असतो. त्याची घडण १९९० मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे उलगडली. साखळीवर कोणती बारीकसारीक जोड आहे, यावरून झाड आपला-परका ठरविते. ओळख पटली की मुळावरचा केस आकड्यासारखा वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि एका नळीतून आत नेतो. गाठीच्या आत प्राणवायू अगदी कमी असतो. ती टंचाई जाणवताच जिवाणूंची दुसरी जनुके, म्हणजे नत्र बांधणारी, कामाला लागतात.

सोयाबीनच्या जिवाणूची हरभऱ्याशी अशी ओळख पटत नाही. पाकिटाचे पैसे मातीत गेले, ते माझ्या शब्दावर.

नाताळच्या सुट्टीत मी हे दादांना कबूल केले. त्यांनी काही न बोलता बांधाजवळचे एक रोप उपटले, गाठ नखाने फोडली. आत गुलाबी! (आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच हा भाऊबंद, गाठ काम करते आहे याची खूण.) रानातले मूळचे जिवाणू धावून आले होते.

मातीत नत्र भरपूर असले तर झाड गाठी धरीत नाही, हेही मी सांगितले. दादा म्हणाले, "म्हणजे वरच्या तुकड्यात युरिया जास्त पडला, तिथं बघू चल."

तिथे गाठी मोजक्याच होत्या.