बटन आणि उशाजवळची गोळी

छत्रपती संभाजीनगरात पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांमध्ये ‘बटन’ अधूनमधून येतंच. नशेसाठी विकली जाणारी ही गोळी म्हणजे अनेकदा नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम. झोप आणि चिंतेच्या विकारांवर डॉक्टर लिहून देतात तीच. गल्लीतल्या बटनाची आपल्याला धास्ती वाटते. आजोबांच्या उशाजवळच्या पट्टीकडे मात्र कुणी वळूनही पाहत नाही, आणि मला जास्त काळजी तिचीच वाटते.

मेंदूतलं ‘गाबा’ हे रसायन चेतापेशींना आवर घालतं. ही औषधं गाबाचा परिणाम वाढवतात. पेशींत क्लोराइडचे आयन अधिक शिरतात आणि त्या मंदावतात. पण मंदावतो तो एकटा जागेपणा नव्हे. तोल, संयम, स्मरणशक्ती, सगळंच ढिलं पडतं. बटन खाऊन मारामारी केलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही, ते दर वेळी सोंग नसतं. गोळीच्या अमलात मेंदूत नवी आठवण नीट नोंदलीच जात नाही.

आजोबांच्या बाबतीत हेच फार संथपणे घडतं. नायट्राझेपाम निम्मं उतरायला साधारण एक दिवस लागतो, म्हातारपणी त्याहून जास्त. म्हणजे आजची गोळी घेताना कालची बरीचशी अंगात असतेच. पहाटे तीनला लघवीला उठलं की पाय लटपटतात, मोरीच्या उंबऱ्याशी तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, वय झालं. विसरभोळेपणाचं खापरही वयावरच फुटतं. डॉक्टरांना गोळीबद्दल सांगायचं राहून जातं.

झोल्पिडेम ही झोपेचीच दुसरी गोळी लवकर उतरते, पण काही जण ती घेऊन झोपेतच चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा चालवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्याआधी २०१३ मध्ये स्त्रियांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला होता, कारण सकाळी त्यांच्या रक्तात औषध जास्त उरत होतं. यातली कोणतीही गोळी दारूबरोबर घेतली, तर श्वासच मंदावू शकतो.

भारतात १ मार्च २०१४ पासून या औषधांना ‘एच-१’ अनुसूची लागू आहे. दुकानदाराने डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. तरी जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणारे थोडे नाहीत.

हे वाचून आज रात्रीच गोळी बंद करू नका. रोजची सवय एकदम तोडली तर झोप पार उडते, हात थरथरतात, कधी झटकेही येतात. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे किंवा महिने लावून उतरवायचा असतो. जुनाट निद्रानाशावर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये पहिली शिफारस केली ती गोळीची नव्हे, वर्तनोपचाराची: उठायची वेळ ठरलेली, दुपारची डुलकी बंद, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसणं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात याबद्दल जरूर विचारा.