पोलीस स्मृती दिन : हॉट स्प्रिंग्जपासून राष्ट्रीय स्मारकापर्यंत

दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी सकाळी देशातील पोलीस मुख्यालयांच्या कवायत मैदानांवर एकाच स्वरूपाचा कार्यक्रम पार पडतो. पथके संचलन करून स्मृतिस्तंभासमोर उभी राहतात. त्यानंतर मागील वर्षभरात, म्हणजे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात, देशभरात कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. शस्त्रे शोकमुद्रेत उलटी केली जातात, बिगुलावर शोकधून वाजते आणि पुष्पचक्र अर्पण केले जाते. या यादीत महासंचालनालयातील अधिकारी आणि दुर्गम ठाण्यातील शिपाई यांच्यात भेद केला जात नाही. मृत्यूनंतर प्रत्येकाच्या वाट्याला येते ते केवळ नावाचे उच्चारण.

हा दिवस पोलीस स्मृती दिन म्हणून ओळखला जातो. त्यामागील घटना, तिचे प्रशासकीय परिणाम आणि तिच्यातून निर्माण होणारे प्रश्न समजून घेणे प्रशासन व अंतर्गत सुरक्षेच्या अभ्यासकांसाठी उपयुक्त आहे.

सीमेवरील पोलीस

देशाच्या सीमांचे रक्षण लष्कर करते आणि पोलीस अंतर्गत कायदा व सुव्यवस्था सांभाळतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात उत्तर सीमेवरील परिस्थिती वेगळी होती. तिबेटलगतच्या सुमारे अडीच हजार मैलांच्या सीमेवरील देखरेखीचे काम प्रामुख्याने पोलीस कर्मचाऱ्यांकडे होते. लडाखमध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकड्या आणि गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी उंच पर्वतीय चौक्यांवर तैनात असत.

१९५४ मध्ये भारत व चीन यांच्यात पंचशील करार झाला होता. परंतु १९५७ मध्ये चीनने अक्साई चीनमधून जाणारा रस्ता पूर्ण केला आणि मार्च १९५९ मध्ये दलाई लामा यांनी तिबेट सोडून भारतात आश्रय घेतला. उभय देशांतील संबंध वेगाने बिघडले. ऑगस्ट १९५९ मध्ये तत्कालीन ईशान्य सीमान्त प्रदेशात लोंगजू येथे चकमक झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जची घटना घडली.

२१ ऑक्टोबर १९५९

हॉट स्प्रिंग्ज हे ठिकाण लडाखच्या चांग चेन्मो खोऱ्यात, सुमारे १६ हजार फूट उंचीवर आहे. विरळ हवा, गोठवणारी थंडी आणि वनस्पतिहीन पर्वत ही तेथील परिस्थिती. लनाक लाच्या दिशेने पुढे जाणाऱ्या मोहिमेच्या पूर्वतयारीसाठी २० ऑक्टोबर रोजी येथून तीन टेहळणी पथके रवाना झाली. त्यांपैकी दोन पथके त्याच दिवशी दुपारपर्यंत परतली. दोन शिपाई आणि एक हमाल यांचा समावेश असलेले तिसरे पथक मात्र परतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी करम सिंग यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २० जणांची तुकडी बेपत्ता सहकाऱ्यांच्या शोधासाठी निघाली. करम सिंग घोड्यावर होते, तर उर्वरित जवान तीन गटांत पायी चालत होते. दुपारच्या सुमारास एका टेकडीवरून चिनी सैनिकांनी गोळीबार सुरू केला व हातबॉम्ब फेकले. तुकडी खालच्या उघड्या जागेत होती आणि आडोसा जवळपास नव्हता. या हल्ल्यात दहा पोलीस मृत्युमुखी पडले. जखमींना आणि पथकप्रमुखांना चिनी सैनिकांनी ताब्यात घेतले. इतरांना माघार घेणे शक्य झाले.

मृत जवानांचे पार्थिव १३ नोव्हेंबर १९५९ रोजी, म्हणजे तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटल्यावर, भारताच्या स्वाधीन करण्यात आले. हॉट स्प्रिंग्ज येथेच पोलीस इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. हे जवान युद्धासाठी निघालेले नव्हते, ते आपल्या सहकाऱ्यांना शोधण्यासाठी निघाले होते, ही बाब या घटनेचे स्मरण करताना ध्यानात घ्यावी लागते.

स्मरणाची परंपरा आणि संस्थात्मक बदल

जानेवारी १९६० मध्ये झालेल्या राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या वार्षिक परिषदेत २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पाळण्याचा निर्णय झाला. हॉट स्प्रिंग्ज येथे स्मारक उभारण्याचेही ठरले. विविध राज्यांच्या आणि केंद्रीय दलांच्या पोलिसांचे एक पथक दरवर्षी तेथे जाऊन श्रद्धांजली वाहते.

या घटनेचे प्रशासकीय परिणामही दूरगामी ठरले. या सीमेची जबाबदारी लष्कराकडे सोपविण्यात आली. चीनशी युद्ध सुरू असताना २४ ऑक्टोबर १९६२ रोजी भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची स्थापना झाली. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणातील सरदार चौकीवर केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकडीने पाकिस्तानी आक्रमणाचा प्रतिकार केला. हा दिवस ते दल शौर्य दिन म्हणून पाळते. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी सीमा सुरक्षा दल अस्तित्वात आले. आजच्या सीमा व्यवस्थापनाची रचना अशा प्रकारे प्रत्यक्ष प्राणहानीच्या अनुभवातून घडत गेली.

हॉट स्प्रिंग्ज हे नाव इतिहासजमा झालेले नाही. मे २०२० पासून पूर्व लडाखमध्ये निर्माण झालेल्या तणावात गोग्रा-हॉट स्प्रिंग्ज हा भाग संघर्षबिंदूंपैकी एक होता. तेथील सैन्यमाघारीची प्रक्रिया सप्टेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाली.

राष्ट्रीय पोलीस स्मारक

राज्योराज्यी स्मृतिस्तंभ असले तरी संपूर्ण देशाच्या पोलिसांसाठी राजधानीत स्मारक पूर्णत्वास येण्यास बराच काळ लागला. नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे आधी उभारलेली पोलादी रचना २००८ मध्ये न्यायालयीन आदेशानंतर हटवावी लागली. २०१२ पासून या जागेवर राष्ट्रीय पातळीवरील स्मृतिसंचलन होऊ लागले आणि २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटन झाले.

स्मारकाच्या मध्यभागी ३० फूट उंचीचे, २३८ टन वजनाचे काळ्या ग्रॅनाइटचे शिल्प आहे. परिसरात पोलीस संग्रहालयही आहे. शिल्पाहून अधिक बोलकी आहे ती शौर्यभिंत. स्वातंत्र्यापासून कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत. उद्घाटनाच्या वेळी ही संख्या ३४ हजार ८०० हून अधिक होती. दहशतवाद, नक्षलवादी हिंसाचार, दंगली, गुन्हेगारांशी चकमकी आणि नैसर्गिक आपत्तीतील बचावकार्य अशी या मृत्यूंची कारणे विविध आहेत. २०२० व २०२१ मध्ये कोविड साथीच्या काळात बंदोबस्तावर असतानाही अनेक पोलिसांना जीव गमवावा लागला.

शिपायाचे स्थान

पोलीस दलाच्या संख्याबळात शिपाई व हवालदार हेच बहुसंख्य असतात आणि संकटाला प्रथम सामोरे जाणेही बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. दोन उदाहरणे याची साक्ष देतात.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसद भवनावर हल्ला झाला, तेव्हा केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ८८ व्या महिला बटालियनमधील शिपाई कमलेश कुमारी एका प्रवेशद्वारावर तैनात होत्या. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते. हल्लेखोर लक्षात येताच त्यांनी आरडाओरडा करून सहकाऱ्यांना सावध केले. हल्लेखोरांच्या गोळ्यांनी त्यांचा मृत्यू झाला. मात्र त्यांच्या इशाऱ्यामुळे सुरक्षा यंत्रणेला मोलाची क्षणे मिळाली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे कार्यरत होते. सातारा जिल्ह्यातील केडंबे हे त्यांचे गाव. लष्करातील सेवेनंतर ते मुंबई पोलीस दलात दाखल झाले होते. हाती केवळ लाठी असताना त्यांनी दहशतवादी अजमल कसाबच्या स्वयंचलित रायफलीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या लागूनही पकड सोडली नाही. त्यामुळे कसाब जिवंत हाती लागला आणि हल्ल्यामागील कट न्यायालयात सिद्ध करणे शक्य झाले. ओंबळे यांना २००९ च्या प्रजासत्ताक दिनी मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. त्याच हल्ल्यात प्राण गमावलेले हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर या अधिकाऱ्यांचाही याच सन्मानाने गौरव झाला.

दोन्ही प्रसंगांत शौर्य जितके स्पष्ट दिसते, तितकीच साधनांची उणीवही दिसते. एकीच्या हाती शस्त्र नव्हते, दुसऱ्याच्या हाती लाठी होती. स्मरणाचा खरा अर्थ या दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्यात आहे.

घटनात्मक चौकट आणि कुटुंबीय

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे विषय राज्यसूचीत आहेत. केंद्राच्या सशस्त्र दलांना राज्यातील नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी तैनात करण्याविषयीची नोंद २-अ ही १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संघसूचीत समाविष्ट झाली. यामुळे एकाच मोहिमेत राज्याचा शिपाई आणि केंद्रीय दलाचा जवान खांद्याला खांदा लावून लढत असले, तरी त्यांना लागू होणारे सेवानियम वेगळे असतात. सानुग्रह अनुदान, निवृत्तिवेतन आणि वारसाची नोकरी यांबाबतच्या तरतुदी राज्यागणिक बदलतात. स्मृतिस्तंभापुढे समान असलेल्या नावांमागील कुटुंबे आर्थिक साहाय्याच्या बाबतीत समान असतीलच असे नाही.

सर्वसामान्य भाषेत अशा जवानास ‘शहीद’ म्हटले जाते. तथापि, ही संज्ञा सशस्त्र दले किंवा केंद्रीय पोलीस दलांसाठी अधिकृतपणे वापरली जात नसल्याचे केंद्र सरकारने संसदेत स्पष्ट केलेले आहे. कुटुंबीयांना मिळणारे लाभ या संबोधनावर नव्हे, तर मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला यावर अवलंबून असतात. केंद्रीय दलांतील मृत जवानांच्या कुटुंबीयांना नागरिकांनी थेट साहाय्य करावे, यासाठी एप्रिल २०१७ मध्ये ‘भारत के वीर’ हा उपक्रम सुरू झाला.

स्मरणापासून सुधारणेकडे

प्रत्येक मृत्यू अटळ नसतो. ६ एप्रिल २०१० रोजी छत्तीसगडच्या तत्कालीन दंतेवाडा जिल्ह्यात ताडमेटला येथे नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जवान मारले गेले. त्यानंतरच्या चौकशीत नेतृत्व आणि विहित कार्यपद्धतीचे पालन यांतील त्रुटी पुढे आल्या. याउलट, अनुभवातून शिकण्याची उदाहरणेही आहेत. आंध्र प्रदेशात १९८९ मध्ये जंगलयुद्धाचे प्रशिक्षण असलेले ग्रेहाउंड्स हे दल उभारण्यात आले. त्याचे शिल्पकार पोलीस अधिकारी के. एस. व्यास यांची १९९३ मध्ये हैदराबादेत नक्षलवाद्यांनी हत्या केली. परंतु त्यांनी घालून दिलेली प्रशिक्षणाची पद्धत पुढे इतर राज्यांनाही मार्गदर्शक ठरली. महाराष्ट्रात गडचिरोलीमध्ये १९९० मध्ये स्थापन झालेल्या सी-६० पथकानेही अनेक जवान गमावत आपली कार्यपद्धती विकसित केली.

व्यापक सुधारणांचा प्रवास मात्र संथ राहिला आहे. १८६१ च्या पोलीस कायद्याने घालून दिलेली चौकट बदलावी, यासाठी १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आठ अहवाल सादर केले. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. पोलीस महासंचालक आणि क्षेत्रीय अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांचे विभाजन, पोलीस आस्थापना मंडळ व तक्रार प्राधिकरण हे त्यांतील प्रमुख होत. या निर्देशांची अंमलबजावणी अनेक राज्यांत अपूर्ण आहे. अधिकाऱ्याला स्थिर कार्यकाळ नसेल, तर आपल्या पथकाची ओळख, परिसराची माहिती आणि सराव यांकडे लक्ष देण्यास त्याला अवधी मिळत नाही. त्याची किंमत अखेरीस शिपायाला मोजावी लागते. त्यामुळे कार्यकाळ, प्रशिक्षण, संरक्षक साधने व दळणवळण हे विषय केवळ प्रशासकीय सोयीचे नाहीत, तर जीवितरक्षणाचे आहेत.

समारोप

हॉट स्प्रिंग्जच्या बर्फाळ पठारावर दहा जवान आपल्या हरवलेल्या सहकाऱ्यांना शोधताना मृत्यू पावले. तेथून सुरू झालेली स्मरणाची परंपरा आज ग्रॅनाइटच्या भिंतीपर्यंत पोहोचली आहे. त्या भिंतीवर दरवर्षी नवी नावे जोडली जातात. आज स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांपैकी काही जण उद्या जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक वा जिल्हाधिकारी म्हणून २१ ऑक्टोबरच्या संचलनात उभे असतील. वाचल्या जाणाऱ्या यादीला आदराने मानवंदना देणे हे त्यांचे कर्तव्य असेलच. पुढील वर्षीची यादी अधिक लहान व्हावी, यासाठी झटणे हे त्याहून मोठे कर्तव्य ठरेल.